पाठपोट

जळोची, बारामती
९ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,

वैष्णवीचा शि. सा. न. पुढचं वि. वि. गाळते, कारण विनंती अशी काही नाहीच, हुकूम आहे.

हे पत्र हातपाय धुऊन, चहा पिऊन, निवांत वाच. एकट्याने वाच असंही म्हटलं असतं, पण आपल्या घरात तुझ्याशिवाय ब्रेल येतं कुणाला! आईला हे सहा ठिपके म्हणजे रांगोळी वाटते आणि वृषालीवहिनी म्हणते कागदाला कसर लागलीय. फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि त्याच्याभोवती अख्खी आळी गोळा. आईच्या कानावर ही बातमी मी सांगेपर्यंत जायला नको आहे.

तर ऐक. माझी निवड झाली! जर्मनीत अंधांसाठी एक केंद्र आहे, तिथे सहा महिने राहायचं. सकाळी जर्मन भाषा आणि दुपारी एकट्याने फिरायचं शिक्षण. म्हणजे पांढरी काठी घेऊन अनोळखी गावात रेल्वेने जायचं, वाट विचारायची, त्यांच्या भाषेत मिळालेलं उत्तर समजून घ्यायचं आणि चुकलं तर आपलं आपण परत यायचं. शिकून आले की इथल्या मुलांना शिकवायचं. दोन मार्चला मुंबईहून विमान आहे. ऑफिसात दिवसभर फोन उचलून घरी आल्यावर दोन वर्षं जे जर्मन घोकत बसायची, ते कामाला आलं बघ.

सोपं नव्हतं रे. पुस्तकात पहिल्या पानापासून लिहिलेलं असतं, चित्र पाहा आणि बोला. मी काय पाहू, कपाळ? आमच्या जर्मनच्या बाई मग प्रत्येक चित्र तोंडाने सांगायच्या. त्यात आपलं ब्रेल आणि त्यांचं ब्रेल एकाच ठिपक्यांचं. आपला जो ठ, तो त्यांचा व. पहिले दोन महिने मी ‘वो’ म्हणजे ‘कुठे’ हा शब्द ‘ठो’ वाचत होते. रेल्वे स्टेशन ठो आहे, असं विचारत फिरले असते तर लोकांनी पोलीस बोलावले असते.

आता हुकूम. पहिले दहा दिवस घरचं एक माणूस सोबत चालतं. आंधळ्या माणसाला धरायचं कसं हे घरच्यांना येतंच, सोडायचं कसं ते तिथे शिकवतात म्हणे. तर तू यायचंस. पुण्याच्या शाळेत मला सोडलंत तेव्हा मी गेटला धरून रडत होते आणि तू म्हणाला होतास, गप बस, मोठी झालीस की विमानात बसवायला मीच येणार. तू बारा वर्षांचा होतास, म्हणून शब्द लहान होत नाही. पासपोर्टचं बघायला लाग.

आणि पाहा, कागदाच्या एकाच बाजूला लिहिलंय. पाठपोट लिहिलं की तुझी कटकट सुरू होते, पुढचे ठिपके कुठले नि मागचे खड्डे कुठले ते डोळ्याला कळत नाही म्हणून. आम्हा बोटवाल्यांना असली अडचण येत नाही. पण तुम्ही पडलात डोळस, दिवा बाजूला धरून सावल्या वाचणारे. असो.

आईचा गुडघा कसा आहे ते कळव. संस्कृतीला आत्याचा पापा. लोभ आहेच, त्यात काटछाट करू नये.

तुझी,
वैष्णवी


लासुर्णे, ता. इंदापूर
१८ नोव्हेंबर २०२५

चि. वैष्णवीस,

दादाचे अ. उ. आ. आईचे बी हायेतच, पर कशापायी ते तिला अजून म्हाईत न्हाय.

पोरी, तू नाव काढलंस! पत्र वाचून घरात नाचावं वाटलं. वृषालीनं इचारलं काय झालं, तर म्हणलो ऊस लवकर तुटणार हाय आपला. ती म्हणाली, ऊस तुटल्यावर कुणी एवढं हसत न्हाय. तिला सांगून टाकलं मग. ती कुणाला बोलायची न्हाय.

तुला आठवतंय का, मी तुला पयलं पत्र लिहिलं व्हतं ते? पाटीत कागद घालून टोचणीनं सरळ डावीकडनं लिहीत गेलो. उजवीकडनं उलटं लिहायचं असतंय, म्हंजी कागद पालटला की सरळ येतं, हे कुठं ठावं! तू शाळेत सगळ्यांना वाचायला दिलंस आन् तुमच्या बाईंनी मला निरोप धाडला, की दादाला सांगा पत्र जपानीत आलंय. तवापासनं तू माझी टिंगल करतीस. आता तू ठो ठो करत फिरणार, म्हंजी फिटंफाट झाली.

माझ्या येण्याचं मातुर कठीण दिसतंय. हंगाम चालू झाला. सकाळपासनं दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याच्या रांगंत उभा असतो. मार्चला कारखाना बंद होतो का न्हाय त्याचा नेम न्हाय. तू असं कर, संदेशला ने. वृषालीचा भाऊ म्हंजी आपल्या मामाचाच पोरगा, घरचाच हाय, इंग्रजी बी बोलतो, विमानात बसलेला हाय. माझ्यासारखा अडाणी तितं जाऊन काय करणार?

संध्याकाळची खेप मी सोडून दिलीया. थंडीत नको वाटतं. वृषाली हल्ली माझ्यासंगं ट्रॅक्टरवर येती, डबा आयता मिळतो. गावातली पोरं हसत्यात, नवीन लगीन झालंय का म्हणून. हसू देत.

आईचा गुडघा पायरी चढताना दुखतो, बाकी बरी हाय. संस्कृती तिसरीत पयल्या पाचात हाय. आत्याला सांग म्हणाली. तब्येतीला जप, लोभ वाढता ठेव.

तुझा,
दादा


जळोची
२५ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,

शि. सा. न., पण रागाने.

संदेशला ने! संदेशने मला लहानपणी शब्द दिला होता का? संदेशला मी लग्नाकार्यात चार वेळा भेटले असेन, त्यातल्या तीन वेळा तो मला मोठ्याने ओरडून कशी आहेस विचारतो, जशी काही मी बहिरी आहे. हंगाम दर वर्षी येतो दादा, मी दर वर्षी जर्मनीला जाणार नाही. तुझ्या ट्रॅक्टरला दहा दिवस दुसरा ड्रायव्हर मिळत नाही, हे मला सांगू नकोस. खरं कारण काय ते सांग. लाज वाटते का आंधळ्या बहिणीबरोबर परदेशात फिरायची?

कागद संपत आलाय आणि राग संपलेला नाही, म्हणून पाठपोट लिहिते. घे डोळे फोडून.

तुला माझ्या प्रवासाची गंमत सांगते, म्हणजे कळेल मला काय शिकायचंय. बाईंनी सांगितलं होतं, ओळखीच्या माणसाशिवाय एक प्रवास करा आणि त्यावर जर्मनमध्ये दहा वाक्यं लिहून आणा. मी ठरवलं बारामती ते इंदापूर, आणि परत. रविवारी स्टँडवर गेले. इंदापूरची गाडी कुठे लागते विचारलं, तर जो तो म्हणतो, हे काय हितंच. हितं म्हणजे कुठे? हात करून दाखवत असणार. शेवटी डिझेलच्या वासावर गेले आणि गाडीत बसले.

कंडक्टरला म्हटलं, इंदापूर आलं की सांगा. तो व्हय म्हणाला. शेजारी एक म्हातारबाबा होते. काठी बघून त्यांना माझी इतकी दया आली की विचारू नकोस. वाटेतल्या एका गावी गाडी थांबली तसे ते उठले, मला म्हणाले चल पोरी आलं. मी म्हणते मला इंदापूरला जायचंय. ते म्हणतात, अगं व्हय व्हय, हितंच हाय. दोघांनी दोन दंड धरले, तिसऱ्याने काठी घेतली आणि मला उचलल्यासारखं खाली उतरवलं. कंडक्टरने घंटी मारली. गाडी गेली.

तर त्या गावात होतं डोळे तपासणीचं शिबिर! आंधळी पोरगी रविवारची एकटी निघालीय म्हणजे शिबिरालाच निघालेली असणार, हे त्यांनी आपलं आपण ठरवून टाकलं. मला मोतीबिंदूच्या म्हाताऱ्यांच्या रांगेत बसवलं, हातात बिस्किटपुडा दिला. शेजारची म्हातारी माझा गुडघा थोपटत होती, भिऊ नको, दुखत न्हाय म्हणून. मी हसले तेवढ्यापुरती. मग दादा, मला त्या रांगेत बसून रडू आलं. सगळं एवढ्या प्रेमाने चाललं होतं, आणि कुणी माझं ऐकतच नव्हतं. वाईट वागले असते तर भांडले तरी असते.

पुढच्या गाडीने इंदापूरला गेले आणि परत आले. येताना लासुर्ण्यावरून गाडी गेली तेव्हा उतरावंसं वाटलं. उतरले नाही, कारण मग तो एकटीचा प्रवास झाला नसता.

मला दुसऱ्या देशात जाऊन एवढंच शिकायचंय, की मला कुठे जायचंय ते मी सांगितल्यावर समोरच्याला कळावं. त्या वेळी पहिले दहा दिवस तू असावास असं वाटलं. बाकी तुझी मर्जी.

रागावले तरी लोभ तसाच आहे.

वैष्णवी


लासुर्णे
४ डिसेंबर २०२५

चि. वैष्णवीस,

अ. उ. आ. रागावलेल्या माणसाला दोन आशीर्वाद जादा.

तुझी लाज कशाला वाटंल गं? असलं परत लिहू नको, लागतं माणसाला. तुला खांद्यावर घेऊन मी जत्रंत फिरलोय, तवा न्हाय वाटली, आता वाटणार व्हय?

शिबिराचं वाचून लई हसलो. हसता हसता मधीच लाईट गेली, पर सोडवंना, तसंच शेवटपर्यंत पुरं केलं. त्या बाबाला मी गाठणार हाय एक दिवस. आमच्या बहिणीला पोत्यावानी उतरवतो म्हंजी काय! बिस्किटपुडा तरी खाल्लास का? आन् त्या म्हातारीनं गुडघा थोपटला ते वाचून मलाबी कसंतरी झालं. तू लासुर्ण्याला उतरली न्हाईस ते बरं केलंस. उतरली असतीस तर मी म्हणलो असतो, जिरली हौस.

एक इचारायचं व्हतं. त्या शिबिरात काय काय तपासत्यात? नुसता मोतीबिंदूच का? कुणाला दिवस बुडताना कमी दिसतंय असं असंल तर औषध बिवषध देत्यात का? आमच्यातला एक ड्रायव्हर इचारत व्हता.

जर्मनीला यायचं मी बघतो, न्हाय म्हणत न्हाय. पर संदेशचं ध्यानात असू दे. आईला मी आज-उद्या सांगतो. ती पयली रडणार, मग गावभर सांगणार, मग परत रडणार.

ऊस निम्मा तुटला. थंडी लई हाय. लोभ धरून ऱ्हावं.

दादा


जळोची
१० डिसेंबर २०२५

ती. दादास,

नमस्कार.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मी माझं मागचं पत्र पाठपोट लिहिलं होतं. म्हातारबाबा, बिस्किटपुडा, म्हातारी, लासुर्णे, सगळं मागच्या बाजूला होतं. तू त्यातलं एकूण एक वाचलंस आणि एक शब्द कटकट केली नाहीस. बावीस वर्षांत असं झालेलं नाही. त्यात लिहितोस की लाईट गेली तरी वाचून पुरं केलं. अंधारात डोळस माणूस ठिपक्यांच्या सावल्या कशा वाचतो, दादा?

तू बोटाने वाचतोयस.

संध्याकाळची खेप सोडलीस. वहिनी ट्रॅक्टरवर बसते. माझ्याबरोबर यायला नको म्हणतोस. आणि कुणा ड्रायव्हरला दिवस बुडताना दिसत नाही. मी आंधळी आहे रे, मूर्ख नाही.

किती दिसतं ते खरं लिही. आणि ते लिहायच्या आधी ट्रॅक्टरवरून खाली उतर. वीस टन ऊस मागे लावून तू रस्त्याने चालला आहेस, त्या रस्त्याने शाळेची पोरं चालतात.

वाट बघते.

वैष्णवी


लासुर्णे
२१ डिसेंबर २०२५

चि. वैष्णवीस,

अ. उ. आ.

आधी लई राग आला. पत्र चुलीत घालणार व्हतो. मग वाटलं, चुलीत घालून तुझ्यापासनं काय लपणार हाय?

मागल्या वर्षीच्या दिवाळीपास्नं चालू झालं. आधी नुसतं अंधारात दिसंना. मला वाटलं वय झालं, मग ध्यानात आलं चौतिसाव्या वर्षी कुणाचं वय व्हत न्हाय. आता दिवसाबी बाजूचं गेलंया. समोरचं दिसतं ते बोअरच्या पाइपातनं बघितल्यावानी. ताटातली भाकर दिसती, पर शेजारची वाटी शोधावी लागती. तुझी जुनी पत्रं काढून मी बोटानं घोकत बसायचो. आधी भात सांडल्यावानी लागायचं, कळायचं काय न्हाय. आता येतं. तुझ्याएवढं भरभर न्हाय.

पयल्यांदा वृषालीला कळलं. दारातल्या बादलीत पाय घातला, लागोपाठ तीनदा. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ट्रॅक्टरवर येऊन बसली. मडगार्डवर बसून ती सांगती, मी चालवतो. डाव्या अंगाला सायकल हाय, पुढं खड्डा हाय, असं. तिच्यामुळं आजपातुर काय झालं न्हाय.

तू म्हणशील सांगत का न्हाय. सांगून काय हुईल ते तुला शिकलेलीला कळायचं न्हाय. घरात एक आंधळी निघाली तर लोक नशीब म्हणत्यात. दोन निघालं की घराणं म्हणत्यात. माझ्या संस्कृतीला उद्या कोण दारात उभं करंल? तिच्याकडं आतापास्नं माणसं टकामका बघायला लागत्याल, हिला दिसतंय का, हिला दिसतंय का म्हणून. मला ते न्हाय बघवायचं.

एवढा हंगाम जाऊ दे. मार्चला मी आपणहून चावी खाली ठेवतो, तुझ्या गळ्याची शपथ. तंवर तुझ्या पोटात ठेव. आजवर आपल्या ठिपक्यातलं काय भाईर गेलं न्हाय, हेबी नको जाऊ दे. तुझ्यासंगं न यायचं कारण आता तुला कळलं. विमानतळावर मीच तुझा हात धरून चाललो असतो, मग लोकांनी कोण कुणाला नेतंय ते कसं ओळखलं असतं?

दादा


जळोची
२७ डिसेंबर २०२५

ती. दादास,

शि. सा. न.

माझ्या गळ्याची शपथ घालू नकोस. मी तुझं ऐकणार नाही.

तुझं दुःख मला कळत नाही असं नाही. मला उजेडाची आठवणच नाही, म्हणून गेल्याचं दुःखही नाही. तुझं मात्र रोज थोडं थोडं जातंय, आणि ते कुणाशी बोलायची सोय नाही. हे वाचून मी ऑफिसात जेवले नाही. पण तुझी दया आली म्हणून मी गप्प बसले आणि उद्या त्या रस्त्यावर कुणाचं लेकरू तुझ्या चाकाखाली आलं, तर ते पाप निम्मं माझं. वहिनीच्या डोळ्यांनी भाकरी भाजता येईल, ट्रॅक्टर चालवता येत नाही.

संक्रांतीपर्यंत उतर. नाहीतर मी घरी येते आणि आईला, संदेशला, सगळ्यांना सांगते. मग तू माझ्याशी जन्मभर बोलू नकोस.

दुसरं. मी जर्मनीला जात नाही. केंद्राला तसं कळवलंय. ते म्हणतात जानेवारी संपेपर्यंत विचार करा, तोवर जागा ठेवतो. विचार काय करायचा? तू इथे बादलीत पाय घालणार आणि मी तिकडे परक्यांच्या गावात वाट विचारायला शिकणार, असं माझ्याने व्हायचं नाही. मी इथेच राहते. दर शनिवारी येईन. तुला काठी शिकवते, चालणं शिकवते. लाज वाटली तर आपण कालव्याकडेला जाऊ, तिथे कुणी नसतं.

तिसरं, तुला आवडो न आवडो. संस्कृतीचे डोळे तपासून घे. पुण्याला ने. घराणं लपवून घराणं बदलत नाही.

लोभ आहे म्हणूनच हे सगळं.

वैष्णवी


लासुर्णे
१२ जानेवारी २०२६

चि. वैष्णवीस,

आशीर्वाद.

मी उतरलो. संक्रांतीची वाट बघायची बारी आली न्हाय.

शुक्रवारी आईचा गुडघा लई सुजला म्हणून वृषाली घरी ऱ्हायली. मी म्हणलो एक खेप तर हाय, जातो. कारखान्यावरनं रिकामा येत व्हतो, दिवस बुडायला आला व्हता. कालव्याच्या वळणावर सुप्याकडची मेंढरं चालली व्हती. मला एकबी दिसलं न्हाय. चाकाखाली मऊ लागलं तवा ब्रेक मारला. दोन मेंढरं गेली. आन् त्यांच्या पलीकडं एक बाई उभी व्हती, ठमाबाई तिचं नाव. हातभर अंतरावर व्हती. ती मला दिसलीच न्हाय वैष्णवी, ती बोलली तवा कळलं.

मला वाटलं आता शिव्या देणार. ती मेलेल्या मेंढीपाशी बसली आन् म्हणाली, बाबा, तुला दिसलं न्हाय व्हय? एवढंच इचारलं. मी म्हणलो न्हाय, मला दिसत न्हाय. आजवर तोंडानं कधी म्हणलो नव्हतो ते. लोक जमले व्हते, सगळ्यांनी ऐकलं.

संदेश आला, त्यानं ट्रॅक्टर घरी आणला आन् चावी त्याच्याकडंच ठेवली. त्या बाईचं काय द्यायचं ते त्यानंच भागवलं. तू म्हणतीस तसा तो ओरडतो खरा, पर मला काय बोलला न्हाय.

आईला सांगितलं. तुझंबी सांगितलं, जर्मनीचं. आई नुसती माझ्या तोंडावरनं हात फिरवत बसली, जसं तू लहानपणी सगळ्यांच्या तोंडावरनं फिरवायचीस. मी आता घरात बसून असतो. संस्कृती शाळंतनं आली की तिला उजेडात उभी करून बघतो. माणसाचं तोंड किती दिवस ध्यानात ऱ्हातं, हे तुला इचारणार व्हतो. मग आठवलं, तुला काय म्हाईत.

काठीचं नाव काढू नको. पुण्याला बाविसाची तारीख मिळाली हाय, संस्कृतीसाठी. जातो.

दादा


जळोची
१७ जानेवारी २०२६

ती. दादास,

शि. सा. न.

खाली उतरलास, ती बाई वाचली, तू वाचलास. मला देवाला काही मागायचं नाही आता.

तोंड किती दिवस लक्षात राहतं ते मला खरंच माहीत नाही. खोटं कशाला सांगू? आवाज राहतात, एवढं माहीत आहे.

या शनिवारी येणार होते, पण रजा नाही. पुढच्याही शनिवारी नाही, एकतीसला नक्की. काठी आणते, तू ती कोपऱ्यात फेकून दे, मी परत हातात देईन. आपली कटकट चालायचीच.

बावीस तारखेला काय झालं ते लगेच कळव. फोन कर. जर्मनीचा विषय माझ्यापुरता संपला आहे, आईलाही तसं सांग, म्हणजे ती रडायची थांबेल.

माझा लोभ तिथे पोचतोय ना?

वैष्णवी


लासुर्णे
२४ जानेवारी २०२६

चि. वैष्णवीस,

दादाचे अ. उ. आ.

फोन केला न्हाय. दोनदा लावला आन् कट केला.

संस्कृतीला हाय. तुझं आन् माझं हाय तेच. आत्ताच चालू झालंया, डॉक्टर म्हणाले तिला स्वतःला अजून कळलंबी नसंल. किती वर्षं लागत्याल ते सांगता येत न्हाय. कुणाचं लवकर जातं, कुणाचं उशिरा. एका घरातबी सारखं नसतं, तुझं आन् माझं बघ की.

डॉक्टरांनी इचारलं, लगीन नात्यातलं हाय का. मी म्हणलो मामाची पोरगी केलीया, आमच्यात मामाच्या पोरीचा पयला मान. मग इचारलं आईवडलांचं. आईबी आबांच्या मामाचीच पोरगी. ते लिहायचं थांबले. म्हणाले, दोन्हीकडनं एकच दोष आला की पोराला उतरतो. माझ्या शेजारी वृषाली बसली व्हती. तिला मी काय सांगायचं? घरी येऊन आईला सांगितलं तर आई म्हणाली, घर जोडून ऱ्हावं म्हणून मी भावाची पोरगी आणली. परत परत तेच म्हणतीया. दोघी दोन दिवस एकमेकीशी बोलल्या न्हाईत.

आता ऐक, कशापायी लिहितोय ते. येताना एस्टीत संस्कृती खिडकीशी बसली व्हती. डॉक्टरांचं तिला आमी काय सांगितलं न्हाय, पर पोरगी आठ वर्षांची हाय, खुळी न्हाय. मग मला इचारलं, आत्या जर्मनीला कवा जाणार? मी म्हणलो आत्या जात न्हाय. तर म्हणती, का, आंधळ्यांना तितं घेत न्हाईत व्हय?

वैष्णवी, तू माझ्यासाठी थांबलीस हे मला म्हाईत हाय, आईला म्हाईत हाय. त्या पोरीला एवढंच कळणार, की आंधळ्या माणसाला जाता येत न्हाय. ते ती मनात धरून मोठी हुईल. दिसायचं बंद हुईल तवा तेच तिच्यापाशी ऱ्हाईल.

माझं काय, मी भिताडाला धरून चालीन. काठी आण शनिवारी, घेतो हातात, आईची शपथ. कालव्याकडेला कशाला, गावातनं चालतो. पर तू हितं माझ्यापाशी बसून ऱ्हाऊ नको. तिला कुणाकडनं शिकायचं हाय? माझ्याकडनं? मी लपून बसणारा माणूस.

म्हणून मी तिला एस्टीतच सांगितलं, घेत्यात की, आन् आत्या दोन मार्चला एकटी विमानात बसून जाणार हाय. ती लासुर्णं येईपर्यंत हसत व्हती. काल शाळंत सगळ्यांना सांगून आली.

मला खोटा पाडू नको.

तुझा,
दादा